स्टार्टर फिरतो तेव्हा

गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट असतात. मोबाइल किंवा डॅशकॅमला लागतात 5. दाब 5 व्होल्टपर्यंत उतरवण्याचे काम करतो बक कन्व्हर्टर. तो आतला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून जरुरीपुरतीच ऊर्जा पुढे सोडतो. बॅटरीचा दाब घसरला की स्विच जास्त वेळ चालू राहतो, आणि आउटपुट 5 वरच टिकते.

मात्र घसरणीची किंमत करंटमध्ये मोजावी लागते. 5 व्होल्ट, 2 अँपिअर म्हणजे 10 वॅट. कार्यक्षमता 90 टक्के धरली, तर 12.6 व्होल्टला बॅटरीकडून सुमारे 0.9 अँपिअर घेतले जातात, 8 व्होल्टला जवळजवळ 1.4. वायर बारीक किंवा जोड सैल असेल, तर या वाढीव करंटमुळे वाटेतच आणखी व्होल्ट पडतात. म्हणून दोष कन्व्हर्टरला देण्याआधी वायरिंग जरूर तपासावे.

थंडीत, जुन्या बॅटरीवर स्टार्टर मारताना दाब क्षणभर 6–7 व्होल्टपर्यंत कोसळू शकतो. एलएम2596 सारख्या स्वस्त बक कन्व्हर्टर मॉड्यूलला आउटपुटपेक्षा सुमारे दीड व्होल्ट जास्त हवा असतो. तेवढा मिळाला नाही की आउटपुटही खाली येते आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो.

याहून गंभीर गोष्ट उभ्या गाडीत घडते. बॅटरी उतरत असली तरी कन्व्हर्टर बिनतक्रार 5 व्होल्ट देत राहतो. त्यामुळे पार्किंगमध्ये कॅमेरा चालू ठेवायचा असेल, तर 12 व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडणारे कट-ऑफ असलेलेच किट घ्यावे.