ठेका कोण धरणार?

जॅझच्या नेहमीच्या त्रिकुटातून बेसवाला उठून गेला की सगळ्यात आधी उघडा पडतो तो पियानोवाल्याचा डावा हात. एरवी खालचा सगळा भार बेसवर सोपवून तो निवांत असतो. आता पाया त्यालाच घालायचा. पण ड्रमरच्या पायाखालचा बेस ड्रमही त्याच खर्जात बोलतो, आणि दोघे एकदम बोलले की नुसती गुरगुर ऐकू येते. त्यामुळे पियानो-ड्रम्सच्या अशा जोडीचं काही ऐकताना खाली कोण कधी उतरतो, इकडेच माझं पहिलं लक्ष जातं.

स्वित्झर्लंडच्या पियानोवादक इरेन श्वाइत्सरने (1941–2024) हा प्रकार आयुष्यभर जोपासला. लुइ मोहोलो, ग्युंटर सोमर, अँड्र्यू सिरिल, पिएर फाव्र, हान बेनिंक, जोई बॅरन, हमीद ड्रेक अशा एकेका ड्रमरबरोबर झुरिकच्या इन्टाक्ट या ध्वनिमुद्रण कंपनीने तिचे अख्खे अल्बम काढले. शाफहाउझेनला तिच्या आईवडिलांचं रेस्टॉरंट होतं, तिथे नाचाचे बँड येऊन वाजवत. पियानो ती आपला आपण शिकली. आणि ड्रम्सही वाजवायची! तिच्या वादनाची किल्ली मला यातच दिसते. डावा-उजवा, डावा-उजवा असे तिचे हात पट्ट्यांवर आळीपाळीने पडायला लागले की सुरांपेक्षा आघातच आधी जाणवतात. पियानो आहेच तसा. पट्टी दाबली की नमदा लावलेली हातोडी तारांवर आपटते आणि स्वर तिथपासूनच विरायला लागतो. गळ्यासारखा तो मागाहून फुलवता येत नाही. ही उणीव झांज भरून काढते. कॉर्ड विझत असते, वर झांजेची झिणझिण चालू राहते, आणि क्षणभर ती पियानोचीच वाटते.

तबल्यावर वाढलेला कान इथे आधी चाचपडतो. गायक कितीही लांब भटकला तरी तबलजी आवर्तन सांभाळून बसलेला असतो, या भरवशावर आपण समेची वाट बघतो. श्वाइत्सरला ही शिस्त माहीत होती: 1967 साली ‘जॅझ मीट्स इंडिया’ या ध्वनिमुद्रणात तिच्या त्रिकुटाबरोबर मुंबईहून लंडनला गेलेले केशव साठे तबल्यावर होते. या मुक्त द्वंद्वांत मात्र बऱ्याचदा आवर्तनच ठरलेलं नसतं. पियानोवर एखादा तुकडा दोन-तीनदा येतो, ड्रमर त्याचं फक्त वजन उचलतो, टॉम्सवर फिरवतो, आणि तात्पुरता ठेका तयार होतो. तो टिकतो दोघांना हवा असेपर्यंत. एकाने वाजवणं विरळ केलं, की दुसऱ्याने ओळखायचं: मोकळी जागा घ्यायची की आपणही हात आखडायचा. कधी एकजण चक्क थांबतो. तेही उत्तरच.

सवाल-जवाबाची हमखास टाळी इथे नाही, आणि ते बरंच आहे. पियानोने टाकलेली लय ड्रमरने जशीच्या तशी परत केली, की मला संभाषण तिथेच संपल्यासारखं वाटतं. बेनिंक बघा. स्नेअरच्या कातड्यावर पाय दाबून तो तिचा स्वर चढवतो, मध्येच उठून जमिनीवरच काठ्या चालवतो. त्याच्यासमोर गोंडस सूर काढत बसणारा पियानोवादक वाहून जाईल. श्वाइत्सर जॅझ पियानोवादक मंकच्या वळणाचे तिरपे, ठोकळेबाज कॉर्ड घालून त्याला अडवते.

मोहोलोबरोबर तिचा नूर वेगळा. वर्णभेदाच्या राजवटीतून 1964 मध्ये दक्षिण आफ्रिका सोडलेल्या ब्लू नोट्स बँडचा तो ड्रमर. लंडनला जाण्याआधी ही मंडळी झुरिकच्या आफ्रिकाना कॅफेत वाजवत, आणि तरुण श्वाइत्सर ते ऐकत असे. त्यामुळे 1986 च्या त्या दोघांच्या मैफिलीत मुक्त धुमश्चक्रीतून मध्येच दक्षिण आफ्रिकी वळणाची गाण्यासारखी चाल वर येते, ती पाहुणी वाटत नाही. या प्रकाराकडे नव्याने वळणाऱ्याला लोक सहसा पियानोवादक सेसिल टेलर आणि ड्रमर मॅक्स रोच यांची 1979 ची कोलंबिया विद्यापीठातली मैफल ऐकायला सांगतात. थोर आहे, पण पहिल्याच दिवशी दम काढते. मी मोहोलोपासून सुरुवात करायला सांगेन, नंतर बेनिंक. टेलर-रोच तोवर थांबू शकतात.