वाडीतली फवारणी, लोकलमधली झोप

वसईच्या वाड्या केळी, पानवेल आणि फुलांवर जगल्या. आता बऱ्याच घरांतली मुले पहाटेची विरार लोकल धरतात आणि राहिलेली वाडी सुट्टीला बघतात. पुरुषाच्या अंगातले टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक का घटते, याचा थोडा माग या दोन्हींत लागतो.

केरळात कासरगोडच्या काजूबागांवर २००० सालापर्यंत वर्षानुवर्षे आकाशातून एंडोसल्फान फवारले जाई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथली मुले तपासली. २००३ साली छापून आलेल्या पाहणीत मुले उशिरा वयात येतात, संप्रेरकही कमी, असे दिसले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हे औषध बंद केले. केळीवाल्यांनी डीबीसीपीचे नावही ऐकून ठेवावे. मुळांवरच्या सूत्रकृमीचे हे औषध बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कामगारांच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत, हे १९७७ साली उघड झाले. पुढे कोस्टा रिकाच्या केळीबागांतल्या मजुरांचेही तेच. आणि आपल्याकडे पाळणा हलला नाही की बोट सुनेकडे! तपासणी दोघांची व्हावी.

झोपेचेही तसेच. शिकागोत दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले. संप्रेरक दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरले. सुटलेले पोटही ते घटवते.

फवारणी वाऱ्याकडे पाठ करून, अंगभर कपड्यांत करावी. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. रक्त तपासायचे तर सकाळीच द्यावे. दुपारी आकडा उतरलेला असतो.