चार अब्जांची एक संख्या

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असे दुपटीनें दाणे मागणाऱ्या चतुर पुरुषाची कथा आमच्या वाचकांनीं ऐकिलीच असेल. त्या पटाच्या तेहतिसाव्या घरांत ४,२९,४९,६७,२९६ दाणे पडतात. त्यांत आणखी एक दाणा टाकिला म्हणजे जी संख्या होते, तिची हकीकत आम्हांस येथें सांगावयाची आहे.

एक व ती स्वतः यांवांचून ज्या संख्येस दुसऱ्या कशानेंही निःशेष भाग जात नाहीं, तिला मूळ संख्या म्हणतात. दोहोंचा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६, त्याचा ६५,५३६, असे वर्गाचे वर्ग करीत जावें, आणि दोहोंपासून प्रत्येकांत एक मिळवावा. म्हणजे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पांचही मूळ आहेत. सहावी तीच, आमची चार अब्जांची.

फ्रान्स देशांतील तुलूज येथील न्यायसभेचा सभासद पिएर फर्मा हा फावल्या वेळीं गणित करी. या क्रमांतील प्रत्येक संख्या मूळच असावयाची, असें त्याचें १६४० सालीं मत झालें. सिद्धता आपणांस सांपडली नाहीं, हेंही त्यानें पत्रांत मोकळेपणानें लिहिलें. तीन उदाहरणें जुळतांच नियम सांपडला म्हणून हात वर करणारे विद्यार्थी आम्हांस नित्य भेटतात. त्यांनीं हा मोकळेपणा अवश्य पाहावा.

पुढें एका ख्रिस्ती पाळकाचे चिरंजीव लेओनार्ड ऑयलर यांनीं १७३२ मध्यें दाखविलें कीं, आमच्या संख्येस ६४१ नें भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ नें भागिला असतां बाकी १ च उरली पाहिजे, असें त्यांनीं नंतर सिद्धही केलें. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१. म्हणजे पांचव्याच प्रयत्नास यश! हा गुणाकार मुलांनीं घरीं करावा व वडील मंडळींनीं ताळा पाहावा.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तो न करितांही खात्री पटेल. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात् ५ व २ यांच्या चतुर्थ घातांची बेरीज. तिला २ च्या २८ व्या घातानें गुणिलें तर ६४० चा चतुर्थ घात अधिक २ चा ३२ वा घात, अशी रक्कम येते. तिला ६४१ नें भाग जाणारच. आतां ६४० च्या चतुर्थ घातांतून १ वजा केला तर बाकीसही ६४१ नें भाग जातो. कारण य च्या चतुर्थ घातांतून १ वजा केल्यास य + १ हा त्या बाकीचा अवयव असतो. पहिल्या रकमेंतून ही दुसरी वजा करावी. ६४० चा घात नाहींसा होतो, आणि २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे आमचीच संख्या, शिल्लक राहते.

सातवी संख्या १८८० मध्यें लाँद्री या फ्रेंच गणितज्ञानें, वयाची ऐंशी वर्षें उलटल्यावर, फोडिली. तिचा लहान भाजक २,७४,१७७ आहे. पहिल्या पांचांनंतर या क्रमांत एकही मूळ संख्या, मोठमोठ्या गणकयंत्रांच्या साहाय्यानेंही, आजवर हातीं लागलेली नाहीं. आणि ती मुळीं नाहींच, असेंही कोणीं सिद्ध केलेलें नाहीं.