दोन शाहीर, तीन माता

दिवेलागणीची वेळ असावी, माजघरांत वडील माणसें रामरक्षा म्हणत असावींत, आणि माडीवरील मुलांच्या खोलींतून ढोलाच्या ठोक्यावर कोणी इंग्रजींत भराभर बोलत असल्याचा आवाज यावा, हा अनुभव आतां पुष्कळ घरांत नित्याचा झाला आहे. “हें गाणें आहे कीं भांडण?” असें आमच्या मातोश्रींनीं एकदां नातवास विचारलें. “आजी, दोन्हीहि!” असें त्यानें हंसत उत्तर दिलें. उत्तर थट्टेचें होतें खरें. परंतु ज्या गायकाचा तो आवाज होता त्याचें चरित्र पाहिलें म्हणजे त्या थट्टेंतील सत्य मनाला चटका लावून जातें. त्या गायकाचें नांव टुपाक शकूर. तो अवघ्या पंचविसाव्या वर्षीं गोळीबारांत मारला गेला.

या गायनप्रकारास ‘रॅप’ म्हणतात. यांत आलापीला स्थान नाहीं. ठेक्यावर यमकबद्ध बोल द्रुतगतीनें म्हणावयाचे, एवढेंच त्याचें बाह्य स्वरूप. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांतील एका चाळवजा इमारतींत झालेल्या नाचगाण्याच्या जलशापासून या परंपरेचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. दरिद्री निग्रो वस्तींतील तरुणांपाशीं वाद्यें नव्हतीं. तबकड्या व शब्द होते. त्या दोहोंवर त्यांनीं आपली कला उभी केली. प्रतिस्पर्ध्याला शब्दांनीं नामोहरम करणें हा या कलेचा प्रथमपासूनचा एक धर्मच होय.

आम्हां महाराष्ट्रीयांना यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले व शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले डफ-तुणतुण्यावर रात्र रात्र एकमेकांस कूटप्रश्न घालीत व टोमणे मारीत. सोलापूरचा रामजोशी तमाशाच्या फडांत उभा राहिला म्हणून त्याच्या वडील बंधूंनीं त्यास घराबाहेर काढलें, ही कथा तर आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. ज्याला आपल्या घरानें हांकलून दिलें, त्याच्याच रचना पुढें आपल्या विद्वानांनीं संग्रहित केल्या. म्हणून परक्या शाहिराविषयीं बोलतांनाहि निकालाची घाई करूं नये, हें बरें.

टुपाकची कथा त्याच्या जन्मापूर्वींपासूनच न्यायालयांत सुरू होते. त्याची आई आफेनी शकूर ही ‘ब्लॅक पँथर’ नांवाच्या जहाल निग्रो पक्षाची कार्यकर्ती होती. बाँबस्फोटाच्या कटाच्या आरोपावरून तिच्यावर व तिच्या सहकाऱ्यांवर न्यूयॉर्कमध्यें मोठा खटला भरण्यांत आला. ती गरोदर असून तुरुंगांत होती. तरी वकील न देतां तिनें आपला बचाव आपणच केला, आणि मे १९७१ मध्यें सर्व आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर जेमतेम महिना लोटला तोंच, १६ जून रोजीं, मुलाचा जन्म झाला. स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड करून १७८१ त प्राण दिलेल्या पेरू देशांतील टुपाक अमारू या वीराचें नांव तिनें त्यास ठेविलें.

नांव वीराचें, पण घरांत दारिद्र्य अठरा विश्वें. बाल्टिमोर येथील कलाशाळेंत या मुलानें नाट्य, काव्य व नृत्य यांचें शिक्षण घेतलें आणि शेक्सपिअरच्या नाटकांत कामें केलीं. पुढें कुटुंब कॅलिफोर्नियांत गेलें. तेथें आई मादक द्रव्याच्या आहारीं गेली व मुलगा घर सोडून उनाड सोबत्यांत वावरूं लागला. एका गायकमंडळींत सामान वाहणें व नाचणें अशीं कामें करीत करीत तो पुढें आला, आणि नोव्हेंबर १९९१ मध्यें त्याचा पहिला गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत बारा वर्षांच्या एका मुलीवर ओढवलेल्या मातृत्वाची करुण कहाणी आहे. एका वृत्तपत्रांतील बातमी वाचून त्यानें ती रचली. ज्याला अशी बातमी वाचून गीत सुचतें, त्याच्या अंतःकरणांत ओलावा नव्हता असें कोण म्हणेल?

परंतु त्याच संग्रहांत पोलिसांविरुद्धचे प्रक्षोभक बोलहि होते. १९९२ त टेक्ससमध्यें एका तरुणानें पोलीस शिपायास ठार केलें, आणि हीं गाणीं ऐकून आपलें माथें भडकलें असा बचाव केला. तेव्हां अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनीं, अशा संग्रहास समाजांत स्थान नाहीं, असें जाहीरपणें म्हटलें. न्यायपंचांनीं मात्र तो बचाव न मानतां खुन्यास देहान्ताची शिक्षा दिली.

त्याच वर्षींच्या ऑगस्टमधील एक घटना अधिक विदारक आहे. मॅरिन सिटी या त्याच्या पूर्वींच्या वस्तींत जत्रेसारख्या उत्सवांत दंगल होऊन गोळी सुटली, आणि सायकलीवर खेळणारा सहा वर्षांचा बालक मरण पावला. गोळी ज्या पिस्तुलांतून सुटली तें टुपाकच्या नांवावर नोंदलेलें होतें. त्याच्यावर फौजदारी आरोप आला नाहीं. मुलाच्या आईनें लावलेला दिवाणी दावा पुढें पैसे देऊन मिटविण्यांत आला. पैशानें दावा मिटतो. पाळणा भरत नाहीं.

१९९३ सालीं न्यूयॉर्कमधील एका हॉटेलांत एका युवतीवर झालेल्या अत्याचाराच्या आरोपावरून त्यास अटक झाली. खटल्याचा निकाल लागण्याच्या आदल्या रात्रीं, ३० नोव्हेंबर १९९४ रोजीं, मॅनहॅटनमधील ध्वनिमुद्रणगृहाच्या दाराशीं त्याला लुटण्यांत आलें व पांच गोळ्या लागल्या. दुसऱ्या दिवशीं तो चाकांच्या खुर्चींत बसून न्यायालयांत आला. पंचांनीं गंभीरतर आरोपांतून त्याला सोडलें, परंतु लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरविलें. फेब्रुवारी १९९५ मध्यें दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा ऐकतांना त्यानें त्या युवतीची क्षमा मागितली. मात्र गुन्हा कबूल केला नाहीं. तो तुरुंगांत असतांनाच त्याचा नवा संग्रह विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं गेला. त्यांतील ‘डिअर मामा’ या गीतांत आईची व्यसनाधीनता न झांकतां त्यानें तिचें ऋण मानिलें आहे. हें गीत पुढें अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांत समाविष्ट केलें. आईपुढें इतका नम्र होणारा तरुण परक्या मुलीच्या अब्रूविषयीं इतका बेफिकीर कसा झाला, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांनीं टाळूं नये.

आतां त्या वैराची कथा. ब्रूकलिनचा ख्रिस्तोफर वॉलेस, ऊर्फ नोटोरियस बी.आय.जी., हा जमैकाहून आलेल्या एका शिक्षिकेचा एकुलता मुलगा. तो टुपाकहून वर्षानें लहान व आरंभीं त्याचा स्नेही होता. गोळीबार झाला त्या रात्रीं वॉलेस व त्याचे प्रकाशक त्याच इमारतींत वरच्या मजल्यावर होते. या हल्ल्याची त्यांना पूर्वकल्पना होती, असा संशय टुपाकनें तुरुंगांतून दिलेल्या मुलाखतींत बोलून दाखविला. त्यांनीं तो साफ नाकारला. पुढें वॉलेसचें एक गाणें बाजारांत आलें. तें हल्ल्यापूर्वींच तयार झालें होतें, असें त्याचें म्हणणें. परंतु टुपाकनें तो आपणांवरील टोमणाच समजला. ऑक्टोबर १९९५ मध्यें लॉस एंजेलिसच्या ‘डेथ रो’ कंपनीनें चौदा लक्ष डॉलरांचा जामीन भरून त्याला अपिलाच्या निकालापर्यंत सोडविलें, आणि त्याच्या मोबदल्यांत तीन संग्रहांचा करार लिहून घेतला. जून १९९६ मध्यें त्यानें वॉलेसविरुद्ध असें गीत काढलें कीं त्यांत वॉलेसच्या पत्नीचीहि अब्रू सोडली नाहीं. मासिकांनीं ‘पूर्व विरुद्ध पश्चिम’ असे मथळे छापून आगींत तेल ओतलें. दोन माणसांच्या मनांतील संशय अशा रीतीनें दोन किनाऱ्यांचें युद्ध बनला, आणि प्रत्येक घावागणिक तबकड्या मात्र खपत राहिल्या.

७ सप्टेंबर १९९६ रोजीं लास व्हेगास येथें मुष्टियुद्धाचा सामना पाहून परततांना टुपाकनें व त्याच्या सोबत्यांनीं विरुद्ध टोळींतील एका तरुणास मारहाण केली. त्याच रात्रीं त्याच्या मोटारीशेजारीं दुसरी मोटार येऊन थांबली व गोळ्या सुटल्या. सहा दिवसांनीं, १३ सप्टेंबर रोजीं, तो रुग्णालयांत मरण पावला. ९ मार्च १९९७ रोजीं लॉस एंजेलिसमध्यें वॉलेसहि तशाच रीतीनें मारला गेला. त्याचें वय अवघें चोवीस. टुपाकच्या खुनाबद्दल सत्तावीस वर्षांनीं, सप्टेंबर २०२३ मध्यें, एका इसमास अटक झाली. आपण त्या मोटारींत होतों, असें त्यानेंच पूर्वीं पुस्तकांत छापलें होतें. न्यायालयांत मात्र त्यानें आरोप नाकबूल केला. वॉलेसच्या खुनाबद्दल कोणासहि शिक्षा झालेली नाहीं.

आमच्या मातोश्रींना नातवानें हें सर्व सांगितलें, ‘डिअर मामा’चा अर्थहि समजावून दिला. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग त्यांनीं एवढेंच विचारलें, “त्या बाईचें पुढें काय झालें?” कोण जिंकलें, कोणाचीं गाणीं सरस, हें त्यांनीं विचारलें नाहीं.

आफेनीबाई मुलाच्या हयातींतच व्यसनमुक्त झाल्या होत्या. १९९७ त त्यांनीं मुलाच्या नांवें संस्था काढून तरुणांना कलाशिक्षण देण्याची व्यवस्था केली, आणि २०१६ त त्या वारल्या. वॉलेसच्या मातोश्रींनीं २००२ त लॉस एंजेलिस शहरावर दावा लावला. तो कित्येक वर्षें रेंगाळून निर्णयाविना संपला. त्याहि २०२५ त निवर्तल्या. परंतु १९९९ सालीं न्यूयॉर्कमधील एका पारितोषिक-समारंभांत या दोन माता एकत्र व्यासपीठावर आल्या होत्या. जें त्यांच्या मुलांना साधलें नाहीं, तें त्यांनीं हजारोंच्या देखत करून दाखविलें. तिसऱ्या मातेस, त्या सहा वर्षांच्या बालकाच्या आईस, त्या व्यासपीठावर स्थान नव्हतें.

माडीवरील आवाज बंद करावा असें आम्ही म्हणत नाहीं. बंद केल्यानें तो बंद होत नाहीं, हें रामजोशाच्या बंधूंना विचारावें. पण मुलांबरोबर घटकाभर बसून त्या बोलांचा अर्थ विचारावा, आणि गाण्यांत ज्यांचें नांव येत नाहीं त्यांचीहि हकीकत त्यांना सांगावी. आमच्या घरीं तरी तेव्हांपासून तो आवाज थोडा हलका झाला आहे, आणि नातू कधीं कधीं आपण होऊन आजीला अर्थ सांगावयास खालीं येतो.