पाऱ्याची गढी आणि लेस विणणाऱ्या बायका

मागच्या भागात आम्ही बर्फ पडणाऱ्या देशांबद्दल बोललो, तेव्हा एका ताईंनी विचारलं, "एवढ्या थंडीत तिथल्या बायका करतात तरी काय?" प्रश्न आम्हाला फार आवडला. म्हणून आज घरबसल्या जाऊ या मध्य युरोपातल्या स्लोव्हेनियाला. देश एवढासा, लोकसंख्या जेमतेम 21 लाख. डिसेंबरात तिथे उजाडायला साडेसात वाजून जातात आणि सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे हिवाळ्यात फिरायचं तर दिवसाला एकच ठिकाण धरायचं, आणि अंधार पडायच्या आत परतायचं.

आधी प्रेदयामाचा किल्ला बघू. 123 मीटर उंच सरळसोट कडा आहे. त्याच्या मधोमध गुहा आणि गुहेच्या तोंडात बसवलेला हा पांढरा किल्ला. मागची भिंत म्हणजे डोंगरच. पंधराव्या शतकात इथे एराझेम नावाचा सरदार राहायचा. बादशहाशी त्याचं बिनसलं आणि सैन्याने वेढा घातला. महिने गेले तरी गडी उपाशी मरेना, कारण गुहेतून डोंगरापलीकडे निघणारी चोरवाट त्याला ठाऊक होती. वेढा घालणाऱ्यांना चिडवायला तो वरून ताज्या चेरी फेकायचा, असं लोक सांगतात. शेवटी म्हणे एका नोकराने फितुरी केली, आणि एराझेम शौचकूपात बसलेला असताना तिथेच तोफेचा गोळा पडला. गोष्ट किती खरी, किती रचलेली, ते सोडा. तिथले वाटाडे ती रंगवून सांगतात. किल्ला हिवाळ्यातही बघता येतो. खालची गुहा मात्र बंद असते, कारण तिथे वटवाघळं हिवाळाभर झोपलेली असतात. त्यांची झोपमोड नको म्हणून माणसांना मज्जाव! आम्हाला हे एराझेमच्या गोष्टीपेक्षाही आवडलं.

आता खरं सांगायचं ते पुढच्या गावाबद्दल. गावाचं नाव इद्रिया. चहूबाजूंनी डोंगर, मधे अरुंद दरी, खाली नदी. इथलाही किल्ला प्रसिद्ध आहे, पण तो कुणा राजाने राहायला बांधलेला नाही. आपल्याकडच्या गढीसारखी ती इमारत सोळाव्या शतकात बांधली ती खाणीचा कारभार बघायला आणि पारा साठवायला.

1490 च्या सुमाराला लाकडी बादल्या बनवणाऱ्या एका माणसाला ओढ्यात चकाकणारं, भलतंच जड पाणी सापडलं, असं सांगतात. तो पारा होता. तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगतो: एक लिटर पाणी एक किलो भरतं, तर एक लिटर पारा साडेतेरा किलो! बाहेर नदीकाठ गोठला तरी पारा गोठत नाही. त्याला उणे 39 अंशांपर्यंत थंडी लागते. इद्रियाची खाण पुढे जगातली दुसऱ्या क्रमांकाची पाऱ्याची खाण झाली आणि सुमारे 500 वर्षं चालली. लाल हिंगूळ खणून काढायचा, भट्टीत भाजायचा, त्याची वाफ थंड करून पारा गोळा करायचा. इथला पारा दूरदूरच्या देशांत चांदी शुद्ध करायला जायचा.

पण मैत्रिणींनो, पारा विषारी. ती वाफ अंगात भिनली की हिरड्या सुजतात, दात हलतात, तोंडातून लाळ गळते आणि हात थरथरू लागतात. 1754 मध्ये खाणीवर स्कोपोली नावाचे डॉक्टर आले. त्यांनी कामगारांचे हे हाल बघून पुस्तकात लिहून ठेवले. ज्याचा हात थरथरतो तो कुदळ कशी धरणार? मजुरी आधीच तुटपुंजी, त्यात घरधनी अंथरुणाला खिळलेला.

अशा घरांना हात दिला तो बायकांनी केलेल्या लेसने. सतराव्या शतकापासून इथल्या बायका ती विणत आल्या आहेत. क्रोशासारखी ही सुईने विणत नाहीत. मांडीपुढे गोल लोड ठेवायचा, त्यावर नक्षीचा कागद लावायचा. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला पेन्सिलीएवढी लाकडी कांडी. मग वेणीचे पेड घालावेत तसे दोरे एकमेकांवरून घ्यायचे, पीळ द्यायचा आणि टाचणीने अडकवायचे. एक कांडी चुकली की नक्षी बिघडली. तळहाताएवढ्या तुकड्याला तासन् तास लागतात. आणि किंमत ठरवताना ते तास कोण मोजतं? गोधडी शिवणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

हात स्थिर हवा, नजर पक्की हवी. म्हणजे बघा, एकाच घरात नवऱ्याचे हात पाऱ्याने थरथरताहेत आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या हातात कांड्या खुळखुळताहेत. आम्हाला या गावातलं सगळ्यात मोठं काय वाटलं तर हे.

1876 मध्ये गावात लेसची शाळा निघाली. ती आजही चालू आहे आणि तिथे मुलगेही शिकतात. 2012 मध्ये युनेस्कोने या खाणीला जागतिक वारसा म्हटलं. स्लोव्हेनियाच्या या लेसकामालाही 2018 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. आधी खाण आणि सहा वर्षांनी लेस. क्रम आपल्या ओळखीचाच आहे.

हिवाळ्यात तिथे गेलात तर जुन्या खाणीच्या बोगद्यात जरूर उतरा. जमिनीखाली वर्षभर साधारण सारखंच तापमान असतं, त्यामुळे बाहेर बर्फ असताना आत उलट बरं वाटतं. भूक लागली की झ्लिक्रोफी मागवा. पातळ पारीत बटाटा-कांद्याचं सारण भरून, टोपीसारखा आकार देऊन पाण्यात उकडतात. सारणात डुकराची चरबी असते, तेव्हा शाकाहारी मैत्रिणींनी आधी विचारून घ्यावं.

आणि त्या गढीत आता संग्रहालय आहे. जिथे पाऱ्याचा साठा असायचा, त्याच इमारतीत आज काचेमागे इद्रियाच्या बायकांची लेस मांडलेली आहे.