वीस दारांचा मजला

वरळीच्या बीडीडी चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या. मधोमध लांबलचक बोळ, भरदिवसाही दिवा लावावा लागेल असा. त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दहा-दहा दारं. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. सकाळी कामाला निघालेला माणूस जिन्यापर्यंत पोचेतो पाच-सात उघड्या दारांवरून जायचा. कुणाकडे गावाहून पाहुणे आलेत, कुठे बांगडा तळला जातोय, कुणाचा पोरगा शाळेला दांडी मारून घरात बसलाय, हे विचारावं लागत नसे. चालता चालता कळायचं.

ऑगस्ट 2025 मध्ये याच वरळीतल्या 556 कुटुंबांना नव्या, चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर 500 चौरस फुटांचं, संडास घरातला, वर जायला लिफ्ट. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या मोरीत उभं राहून अंघोळी केल्या, त्यांना हे मिळालं यात वाईट काहीच नाही. तरीही चाव्यांच्या बातमीबरोबर एक हळहळ ऐकू आली: आता शेजार संपणार, चाळसंस्कृती संपणार. ही हळहळ खोटी नाही, पण तिचा पत्ता चुकलाय. गिरणगावातला, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या भागातला शेजार टॉवरने मोडला नाही. टॉवर उभे राहिले तेव्हा तो मोडून बराच काळ लोटला होता.

बैठकीची खोली

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला तिचे चाक फिरू लागले. पुढच्या दशकांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं लोंढ्याने आली. पगार एवढा तुटपुंजा की बायकापोरं गावीच. मग एका गावच्या पुरुषांनी मिळून एक खोली घ्यायची. तिला म्हणत बैठकीची खोली. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी आणि एक वळकटी. रातपाळीवाला परतला की पहिल्या पाळीवाल्याने सोडलेल्या जागेवर तो पाठ टेकायचा. खोलीचा फंड असे. त्यातून आजारी माणसाला गावी धाडलं जाई, गावच्या देवळाला वर्गणी जाई, नव्याने आलेल्या पोराला गिरणीत माणसं लावणाऱ्या जॉबरच्या ओळखीने बदली कामावर चिकटवेपर्यंत पोसलं जाई.

जेवणाची सोय खानावळीत. एखादी बाई आपल्या खोलीतच दहा-वीस जणांना दोन वेळ जेवू घालायची आणि पैसे पगाराच्या दिवशी घ्यायची. म्हणजे महिनाभर गिरणीकामगार तिच्या उधारीवर जगायचा आणि ती वाण्याच्या नाहीतर सावकाराच्या. संप लांबला की उधारी लांबायची. गिरणगावातल्या मोठ्या संपांमागे युनियनइतकीच या बायकांची चूल उभी होती. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं ते याच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेण्यासाठी.

यात कुणाच्या मोठ्या मनाचा प्रश्न नव्हता. खोली लहान, पगार कमी, गाव लांब. एकमेकांना धरून राहणं ही जगण्याची तजवीज होती. जिव्हाळा त्या तजविजीतून उपजला.

भोंगा आणि ढोलकी

संस्कृतीही तशीच उपजली. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव 1893 साली गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत बसला, कारण चाळीला चौक होता आणि चौकाभोवती माणसं. 1944 मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांचा श्रोता गिरण्यांच्या फाटकावर आणि चाळींच्या मैदानांत आयताच जमलेला असे. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटकं व्हायची, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशे रंगायचे. चाळीचाळींत भजनी मंडळं, तळमजल्यावर व्यायामशाळा, शिमग्याच्या आधी कोकणी खोल्यांतून नमन-जाखडीच्या तालमी.

या सगळ्याला एक गोष्ट लागे: अनेकांना एकाच वेळी मिळणारी फुरसत. ती गिरणीच्या भोंग्याने दिली होती. पहिली पाळी सुटली की शेकडो माणसं एका तासाला रिकामी. तालीम किती वाजता, हे ठरवायला कुणाला फोन करावा लागत नव्हता.

मात्र या आठवणींवर साखर पेरायला नको. विणखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या कल्पनेपायी दलित कामगारांना त्या खात्यात शिरू दिलं जात नव्हतं आणि चांगला पगार होता तो नेमका तिथे. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न 1928-29 च्या संपांच्या काळात कामगारपुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या याच बीडीडी चाळींत दलित आणि सवर्ण वस्तीत दंगल पेटली. बाईला तर चाळीत एकांत नावाची चीजच नव्हती. दारं सतत उघडी म्हणजे तिच्यावर नजरही सतत. चाळीचा जिव्हाळा खरा होता, तसा चाळीचा जाचही.

मोडलं कुठे

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. आधीच्या संपांत खानावळीची उधारी शेवटी फिटायची, कारण संपानंतर पगार सुरू व्हायचा. या वेळी पगाराचा दिवस परत उजाडला नाही. कुणी गावी गेला, कुणी वॉचमन झाला, कुणी भाजीची गाडी लावली. प्रत्येकाची वेळ वेगळी झाली आणि भोंग्याने बांधलेली फुरसत सुटली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात हे एका घराच्या चार भिंतींत दिसतं.

पुढचा घाव जमिनीवर पडला. 1991 च्या नियमाने गिरण्यांची जमीन विकसित करताना तिचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागांसाठी शहराला, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरतीच राहिली आणि शहराच्या हाती येणारा भाग आक्रसला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरणगावाला नवी मैदानं, नवे चौक मिळण्याची संधी तिथे हुकली. त्या जागी मॉल आले, जिथे बसायचं तर आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं.

उत्सव उरले, उलट फुगले. लालबागचा राजा 1934 साली बसला तो बाजारासाठी जागा मिळावी म्हणून कोळी आणि विक्रेत्यांनी केलेल्या नवसातून. आज तिथे तासन् तास रांगा लागतात. पण रांगेतला माणूस आपल्या पुढच्याला ओळखत नाही. वर्गणी मागायला दारोदार जाणं हे एक निमित्त होतं, वर्षातून एकदा प्रत्येक दार वाजवण्याचं. जाहिरातदाराच्या एका कमानीने ते निमित्त संपवलं. गर्दी वाढली, शेजार घटला.

एक चावी

म्हणून ‘लोक बदलले, माणुसकी उरली नाही’ हे रडगाणं मला पटत नाही. माणसं तीच आहेत. त्यांना एकत्र आणणाऱ्या तीन गोष्टी गेल्या: सामाईक वेळ, सामाईक गरज आणि सामाईक जागा. पहिल्या दोन परत येणार नाहीत आणि गरिबीतून उपजलेली गरज परत येऊही नये. तिसरी मात्र आपल्या हातात आहे.

नव्या इमारतीत बहुधा सोसायटीचा हॉल असतो. तो बहुतेक वेळा कुलुपात असतो आणि भाडं भरून लग्नामुंजीसाठी उघडतो. वरळीत, नायगावात, ना. म. जोशी मार्गावर, आणि तुम्ही राहता त्या सोसायटीतही, पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या आधी हा विषय घ्या: हॉलची चावी कुणाकडे आहे, आणि संध्याकाळी सहा ते नऊ तो सगळ्यांना फुकट उघडा का नाही?