ठोकळ्यांचा मनोरा आणि किल्लारीच्या भिंती

सुट्टीत आमच्याकडे कळव्याला आलेल्या भाचीने गुंड्यांच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा मनोरा रचला. ठोकळे चौरस, १६ मि.मी. रुंद. तीस थरांची उंची सुमारे २८८ मि.मी. झाली आणि मनोरा पडला. मग तिने तसेच दोन मनोरे एकमेकांना चिकटून उभे केले. तेही पडले.

"मामा, जाडी दुप्पट केली ना? मग का पडले?"

गुरुत्वमध्यातून खाली काढलेली उभी रेषा पायाबाहेर गेली की वस्तू कलंडते. येथे पाया आणि उंची यांचे प्रमाण १:१८ आहे, म्हणजे खालचे ताट सव्वातीन अंश तिरपे झाले तरी पुरे. दोन मनोरे शेजारी ठेवले तरी प्रत्येकाचा पाया १६ मि.मी.च राहतो, म्हणून दोन्ही त्याच कोनाला पडतात. आता दर पाचव्या थरात दोन चौरस ठोकळ्यांऐवजी ३२ मि.मी. लांबीचा एकच ठोकळा दोन्ही मनोऱ्यांवर बसवा. प्लास्टिक तेवढेच लागते, पण जोडीच्या दिशेने पाया ३२ मि.मी. होतो आणि कोन सहा अंशांच्या पुढे जातो. वाकण्याला होणारा विरोध तर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन सुटे मनोरे एकाच्या दुप्पट विरोध करतात. ते पूर्ण एकजीव झाले तर आठपट. (दुसऱ्या दिशेने मात्र फारसा फायदा नाही. त्यासाठी चार मनोरे घेऊन आळीपाळीने उभे-आडवे जोड द्यावे लागतील.)

गवंडी हे जाणतो. कळव्यात गिलावा न झालेली कोणतीही विटांची भिंत पाहा, वरची वीट खालच्या सांध्यावर बसलेली दिसेल.

मराठवाड्यातील जुन्या दगडी घरांत नेमके हेच राहून गेले होते. भिंती दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड. पण आतला व बाहेरचा असे दोन दर्शनी थर, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वर माळवदाचे, म्हणजे मातीच्या छपराचे, प्रचंड वजन. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ प्रतीचा भूकंप झाला. दोन थर एकमेकांपासून सुटले, भिंती फुगून ढासळल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे अनेकांचा दगडावरचाच विश्वास उडाला. माझ्या मते दोष दगडाचा कमी आणि जोडणीचा अधिक होता.

अशा बांधकामासाठी त्याच वर्षी निघालेल्या भारतीय मानकात उपाय साधा आहे: उंचीत दर ६० सें.मी.ला, आडवे १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक दगड घालावा. जुन्या भिंतीतही दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडता येते, आणि त्यात आकड्याची सळई ठेवून काँक्रीट भरता येते.

वर्गात हे करून पाहण्यासाठी ताटाखाली चार-पाच गोल पेन्सिली ठेवा, मनोऱ्यांची जोडी पेन्सिलींना काटकोनात ठेवा आणि ताट मागेपुढे हलवा. मग लांब ठोकळे एकेक करून कमी करा. माळवदासाठी माथ्यावर एखादा खोडरबर ठेवला की चालेल.